माळ्यावरची वैरण आणि आबांची धाप



गणपती यायच्या आधी आपण घर झाडायला काढतो. या वेळी झाडताना कपाट भिंतीपासून थोडे ओढा आणि मागची भिंत बघा. काळे-हिरवे ठिपके दिसतील. ट्रंक उघडली की कुबट वास येईल. कोनाड्यातल्या जुन्या चपलेवर पांढरी लव चढलेली असेल. "पावसाळ्यात हे असायचंच," असे म्हणून आपण फडका मारतो आणि पुढे जातो. आमच्या घरात मी लहान असल्यापासून हेच चालत आले. त्यापायी आमच्या आबांनी जवळजवळ तीन वर्षे धाप काढली, म्हणून आज पीक आणि कीड बाजूला ठेवून घरातल्या बुरशीवर लिहितो आहे.

आमचे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, घाटाच्या तोंडाशी. पाऊस सुरू झाला की दसऱ्यापर्यंत ऊन म्हणजे पाहुणा. घर आजोबांच्या हातचे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, पुढे सोपा, आत माजघर, डाव्या अंगाला गोठा, आणि या सगळ्यावर लाकडी माळा. माळ्यावर वर्षाची वैरण. भाताचे पिंजर एका बाजूला, डोंगराचे गवत दुसऱ्या बाजूला. जनावरांना वैरण टाकायची तर शिडीने वर चढायचे, पेंढ्या सोडून झटकायच्या आणि झरोक्यातून खाली गोठ्यात ढकलायच्या. भर पावसात अंगणात न जाता जनावर जगवायची ही सोय आजोबांनी मोठ्या हुशारीने केली होती, यात वाद नाही.

२०१९ साल आपल्याकडे कोणी विसरणार नाही. ऑगस्टात महापूर आला आणि वर ऑक्टोबरात परतीचा पाऊस हटेना. कापून पाडलेले भात शेतातच भिजले. भात कसेबसे झोडून घेतले, पण पिंजर काही मनासारखे वाळले नाही. "वर गेलं की वाळतंय," म्हणत आबांनी ते माळ्यावर चढवले. मी त्या वेळी शेजारच्या तालुक्यात नोकरीवर. धान्य दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा, ओल राहिली तर बुरशी धरते, हे मी तेव्हा गावोगाव फळ्यावर लिहून सांगत होतो. स्वतःच्या घरच्या माळ्यावर मात्र मी शिडी लावून बघितले नाही.

डिसेंबरात आबांना खोकला लागला. कोरडा. त्यात अधूनमधून ताप. ताप कसा, तर दुपारी जेवण झाले की कणकण, थंडी, अंग मोडून येणे, छातीत आवळल्यासारखे. रात्री घाम येऊन उतरायचा. दुसऱ्या दिवशी माणूस बरा. दोन दिवसांनी पुन्हा तेच. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिले, उतार पडला असे वाटले. पुढे २०२० साली कोरोना आला आणि कोणी नुसते खोकले तरी लोक चार हात लांब सरकायचे. आबांची ती तपासणी झाली, ती निघाली नाही. क्षयाची थुंकी तपासली, तीही स्वच्छ. मग दमा ठरला. पंप सुरू झाला. थोडे बरे, थोडे वाईट, असे करत दोन पावसाळे गेले. वजन मात्र उतरत होते. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती फिरायला लागली. नदीकडच्या शेतातून घरापर्यंतचा चढ जो माणूस डोक्यावर भारा घेऊन चढायचा, तो वाटेत तीनदा बसायला लागला.

आई म्हणायची, "घरात काहीतरी आहे. ते बाहेर गेले की बरे असतात." तिचे ऐकून तिघा-चौघांनी देवऋषी सुचवला. अंगारा झाला, उंबऱ्यावर नारळ फुटला. मी शिकलेला म्हणून हसलो. आज वाटते, आईचे अर्धे म्हणणे शंभर टक्के खरे होते. घरात काहीतरी होतेच, फक्त ते माळ्यावर होते.

ध्यानात आले ते असे. २०२२ च्या दिवाळीत आबा आक्काकडे सांगोल्याला पंधरा दिवस राहिले. कोरडी हवा, सिमेंटचे नवे घर, दारात जनावर नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी खोकला निम्म्याने कमी झाला, ताप एकदाही नाही. आम्ही म्हटले, हवापालट मानवला. परत आले, दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे वैरण काढली आणि दुपारी थंडी वाजून ताप. मग कोल्हापुरात छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी फोटो बघण्याआधी आबांना विचारले, "काका, जनावरं किती? वैरण कुठं ठेवता? शेवटचा ताप आला त्या दिवशी सकाळी काय केलं होतं?" तीन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आबांनी माळ्याचे सांगितले. डॉक्टरांनी फुंकर मारायची चाचणी आणि छातीचा सीटी स्कॅन केला आणि म्हणाले, हा नुसता दमा नाही. बुरशी धरलेल्या वैरणीच्या धुळीने फुफ्फुसाला सूज आली आहे.

या आजाराला इंग्रज डॉक्टरांनी 'फार्मर्स लंग' म्हणजे शेतकऱ्याचे फुफ्फुस असेच नाव दिले आहे. १९३२ साली इंग्लंडमध्ये कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी, पावसात भिजलेले गवत हाताळणाऱ्या शेतमजुरांना धाप लागते, हे लिहून ठेवले. ओली वैरण दाबून रचली की ती आतून तापते. खत म्हणून रचलेल्या ढिगात हात घातला तर चटका बसतो ना, तसेच. त्या उष्णतेत बुरशी आणि बुरशीसारखेच दिसणारे काही जिवाणू माजतात. वैरण वाळते, पण त्यांचे बीज धुळीच्या रूपात तिथेच राहते. पेंढी झटकली की ते हवेत उडते. हे बीज केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतके किंवा त्याहून बारीक, त्यामुळे नाकातल्या केसांना न अडता थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथे ते रुजत नाही. शरीरच त्याच्यावर चवताळून उठते आणि त्या भांडणात फुफ्फुस सुजते. सगळ्यांना हे होत नाही. त्याच माळ्यावर आईही चढायची, तिला काही झाले नाही.

एक खूण मात्र पक्की लक्षात ठेवा. त्रास लगेच होत नाही, साधारण चार ते आठ तासांनी होतो. पहाटे पाचला वैरण झटकली तर ताप दुपारी. त्यामुळे घरच्यांना त्याचा याच्याशी संबंध लागत नाही आणि आपण दुपारच्या उन्हाला किंवा आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देतो. असे वारंवार होत राहिले तर फुफ्फुसाला आतून वण पडतात आणि ते वण पुन्हा भरत नाहीत. आबांच्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात थोडे वण पडलेच आहेत. एक वर्ष आधी कळले असते तर ते टळले असते असे मला वाटते, आणि ते मनातून जात नाही.

ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांनी पान उलटू नये. आपल्या देशातल्या २७ केंद्रांवर फुफ्फुसाच्या अशा जुनाट आजाराचे १,०८४ रुग्ण तपासले गेले, त्याचा अहवाल २०१७ साली आला. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना श्वासातून गेलेल्या अशाच कशाच्या तरी धुळीने त्रास झाला होता, आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांच्या भोवती एअर कूलर होता. कूलरचे गवताचे पडदे वर्षानुवर्षे न बदलता ओले राहिले की तिथेही तोच कारखाना सुरू होतो. कारखाना म्हटल्यावर आठवले, साखर कारखान्याच्या साठवलेल्या, बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीनेही हाच आजार होतो. त्याला बगॅसोसिस म्हणतात.

भिंतीवरच्या साध्या बुरशीचे काय, असे विचाराल. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००४ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली यावर मोठे अहवाल काढले. ओल आणि बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना नाक-घशाचे त्रास, खोकला, छातीत घरघर जास्त होते आणि दमेकऱ्याचा दमा बळावतो, एवढे पक्के आहे. किती बुरशी चालेल याची सुरक्षित रेघ मात्र आरोग्य संघटनेला ओढता आली नाही. मूळ उपाय म्हणून त्यांनी ओल हटवणे हाच सांगितला. म्हणजे भिंतीचा नमुना कुठे तपासायला पाठवत बसू नका. डोळ्यांना दिसते आणि नाकाला वास येतो, तेवढे पुरे आहे. आणि उलट बाजूही सांगतो. कंबर धरली, केस गळाले, झोप येत नाही, हे सगळे बुरशीमुळे, असे सांगून शरीर आतून साफ करायच्या पुड्या विकणारे निघाले आहेत. त्या बोलण्याला आधार नाही. आपला पैसा कौलाला आणि चुन्याला लावा.

आता घर कसे दुरुस्त केले ते सविस्तर सांगतो, कारण आबांच्या बरे होण्यातला मोठा वाटा त्याचा आहे. डॉक्टरांनी काही आठवडे सूज कमी करायच्या गोळ्या दिल्या होत्या, पण निघताना स्पष्ट बजावले, "गोळीने सूज उतरेल. माळा तसाच राहिला तर पुन्हा याल."

पहिले भांडण माळ्यावरूनच झाले. आबा ऐकेनात. "माझ्या बापानं बांधलेला माळा. साठ वर्षं वैरण ठेवली, तेव्हा कुणाला काही झालं नाही, आता कसं होतंय?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी बरेच दिवस विचार केला. पूर्वी माजघरात चूल चोवीस तास धगधगायची. तिची ऊब आणि धूर माळ्यातून कौलाबाहेर जायचा, वरची वैरण कायम शेकली जायची. पुढे घरात गॅस आला. आईचे डोळे आणि छाती वाचली, गॅस हवाच. पण माळ्याची शेकोटी गेली. त्यानंतर आम्ही जांभ्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला आणि त्यावर चकाकणारा तेलरंग दिला. जांभा पाणी शोषतो, तसा ते सोडतोही. आम्ही त्याचे तोंड बंद केले. शेणाच्या जमिनीवर फरशी बसवली. पागोळ्या पडायच्या तिथे, भिंतीला लागूनच न्हाणीचे सांडपाणी. एवढे सगळे बदलले, वैरण ठेवायची जागा तेवढी जुनीच राहिली. हे असे मांडल्यावर आबा गप्प झाले. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "रेडी विकून टाक. परड्यात शेड घाल."

आबांना पुन्हा आक्काकडे धाडले आणि मग माळ्याला हात घातला. हे फार महत्त्वाचे आहे. ज्याला त्रास आहे त्याने साफसफाईच्या वेळी घरात थांबूच नये, कारण त्या दिवशी हवेत सर्वांत जास्त बीज असते. मी आणि चुलतभाऊ, दोघांनी एन-९५ मास्क लावले, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल कामाचा नाही, एवढे बारीक बीज त्याने अडत नाही. खराट्याने कोरडे झाडायचे नाही. आम्ही वैरणीवर आधी पंपाने पाण्याची बारीक फवारणी केली, मग पेंढ्या ताडपत्रीत गुंडाळून खाली उतरवल्या. मधल्या थरातल्या पेंढ्या सोडल्या तर आत राखेसारखी पांढरी पूड. ती सगळी घरापासून लांबच्या खतखड्ड्यात घालून पाण्याने भिजवली. जनावरांपुढे एक काडीही टाकली नाही.

लाकूड आणि भिंती साबणाच्या पाण्याने घासून पुसल्या आणि वाळवल्या. साबण आणि पाणी बहुतेक ठिकाणी पुरते. कुणी ब्लीचिंग वापरतात. वापरायचेच तर दारे-खिडक्या उघड्या ठेवा आणि ते संडास धुवायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो. गाद्या-उशा ज्यांना वास मारत होता त्या फेकल्या. आईने एका गादीसाठी हट्ट धरला होता, माहेरची म्हणून. ती दोन दिवस उन्हात घातली, झटकली, तरी वास राहिला. शेवटी ती स्वतःच ठेवून आली उकिरड्यावर.

मग पाणी कुठून येते ते शोधले. इथे एक सोपी युक्ती सांगतो, बिनखर्चाची. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद घ्या आणि ओल्या वाटणाऱ्या भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर पाणी धरते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. आमच्याकडे मागची भिंत पहिल्या प्रकारची निघाली. न्हाणीचे पाणी पाइप टाकून लांब शोषखड्ड्यात सोडले, भिंतीलगत मातीचा उतार बाहेरच्या बाजूला केला, फुटकी कौले बदलली, पागोळ्यांना पन्हाळ लावली. सिमेंटचा गिलावा कमरेइतका खरवडून काढला, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली आणि मग चुना दिला. चुन्यावर बुरशी सहज धरत नाही आणि भिंतीचा श्वास चालू राहतो. ओल्या भिंतीवर तेलरंग देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे, असे मी आता सभेत सांगतो.

माजघराची भिंत दुसऱ्या प्रकारची. तिथे दोरीवर ओले कपडे, कोपऱ्यात ओले घोंगडे, भिंतीला चिकटून कपाट. कपडे सोप्यात गेले, कपाट चार बोटे पुढे आले, समोरासमोर दोन झरोके पाडले. खिडक्यांबद्दल एक खरे सांगतो. पुस्तकात लिहितात, दिवसभर खिडक्या उघड्या ठेवा. आपल्याकडे आषाढात बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली असते. तेव्हा दिवसभर उघड्या ठेवून घर वाळत नाही. उघडीप मिळाली की लगेच उघडा, संध्याकाळी धुके उतरायच्या आत लावा. अगदीच सलग झड लागली तर आम्ही धुराडे असलेली चूल तासभर पेटवतो. हवेतील ओल मोजायचे छोटे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. आकडा ६० च्या आत असावा असे म्हणतात. भर पावसात आमच्याकडे तो तिथे येत नाही, पण ९० वरून ७० वर आला तरी कपाटातला वास जातो, हे मी पाहिले आहे.

नवी शेड परड्यात, घराच्या वाऱ्याच्या आडबाजूला घातली. खाली दगडांवर फळ्या टाकून हातभर उंची केली, वर पत्रा, बाजू मोकळ्या. तुम्ही व्हळी रचत असाल तर तीही अशीच उंचावर रचा आणि ताडपत्री फक्त माथ्यावर ठेवा, चारी बाजूंनी गुंडाळू नका. वैरणीची ओल १५ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय रचू नये. यंत्र नसेल तर मूठभर काड्या पिळा, कडाकडा मोडल्या तर ठीक, नुसत्या वाकल्या तर अजून ऊन द्या. रचल्यावर आठवडाभर मध्ये हात घालून बघत जा. ऊब लागली तर लगेच उपसा. पाऊस हटतच नसेल तर ओल्या चाऱ्याचा मुरघास करा. मात्र त्याचा हवा लागून कुजलेला वरचा थर टाकून द्यायला कचरू नका.

धान्याची आणि पेंडेची बुरशी हा वेगळा लेख होईल. तूर्त एवढेच सांगतो, १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गावांत पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन सुमारे चारशे माणसे काविळीने आजारी पडली आणि शंभरावर दगावली. ते अफ्लाटॉक्सिन नावाचे विष शिजवून जात नाही. भुईमुगाच्या आणि मक्याच्या बुरशीतूनही ते जनावराच्या पोटात जाते आणि पुढे दुधात उतरते.

आता माणसाकडे वळतो. आबांची गोळी डॉक्टरांनी सांगितली तशी हळूहळू कमी केली. "बरं वाटतंय" म्हणून एकदम बंद करायची नाही, ते अंगावर येते. गोळ्यांबरोबर बाकीचे बरेच काही केले, त्यातले काय उपयोगी पडले आणि काय नाही ते प्रामाणिकपणे लिहितो.

श्वासाचा व्यायाम उपयोगी पडला. पाठ ताठ करून बसायचे, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, पोट फुगले पाहिजे, आणि ओठ शिट्टी मारल्यासारखे करून त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे. पुढे संथ अनुलोम-विलोम. दम्याच्या रुग्णांवर योगाचे जे प्रयोग झाले ते एकत्र करून २०१६ साली तपासले गेले. १५ प्रयोग, हजारावर माणसे. त्रासात आणि रोजच्या जगण्यात थोडी सुधारणा होते असे दिसले. औषधाची जागा योग घेतो असे त्यातून निघत नाही. धाप लागलेली असताना कपालभाती आणि भस्त्रिका करू नये. आबांना एका शिबिरात कोणीतरी करायला लावली आणि ते तिथेच घाबरेघुबरे झाले.

चालणे हेही औषधच ठरले. पहिल्या आठवड्यात दारापासून मारुतीच्या पारापर्यंत, मग शाळेपर्यंत. नाक चोंदत असे म्हणून मिठाच्या पाण्याने नाक धुवायला शिकवले. पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. नळाचे किंवा विहिरीचे पाणी तसेच नाकात घेणे जिवावर बेतू शकते. अर्धा लिटरला सपाट छोटा चमचा मीठ पुरते.

खाण्यावर आम्ही मोठी चूक केली होती. खोकला म्हणून दही बंद, केळे बंद, भात बंद, अंडी उष्ण म्हणून तीही बंद. माणूस वाळत चालला आणि आम्ही ताट कमी करत होतो. डॉक्टर रागावले. मग ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, अंडी, ताक, सगळे सुरू झाले आणि चार महिन्यांत सदरा अंगात बसायला लागला. हळदीचे दूध आई अजून देते, घसा शेकतो, मी विरोध करत नाही.

धुरीला मात्र माझा विरोध आहे. कडुनिंबाचा पाला, धूप, गुग्गुळ जाळून घर शुद्ध करायची आपली पद्धत आहे. धुराने बुरशी जात नाही, आणि ज्याचे फुफ्फुस आधीच सुजले आहे त्याला धूर म्हणजे दुसरा मार. डासांची कॉइलही तशीच. देवापुढे उदबत्ती लावायची तर आई ती आता तुळशीपाशी लावते. आणि बाजारात दम्यावरची बिननावाची पूड मिळते, तिच्यापासून सावध राहा. पहिल्याच दिवशी जादूसारखा गुण आला तर अशा पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते.

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, ती तपासणी मोफत आहे. क्षय नाही असे कळल्यावर डॉक्टरांना आपणहून सांगा: वैरण कुठे आहे, भिंत ओली आहे का, परगावी गेल्यावर बरे वाटते का. बसल्याजागी धाप लागली, ओठ किंवा नखे निळसर झाली तर मात्र हे सगळे सांगत बसू नका, गाडी काढा.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांना आणि ग्रामसेवक बंधूंना एक विनंती आहे. मार्चअखेरला निधी संपवायचा म्हणून अंगणवाडीच्या ओल्या भिंतींवर रंग मारला जातो. जूनमध्ये तो पोपडा होऊन मुलांच्या ताटात पडतो. तोच पैसा आधी छपराच्या गळतीला आणि भिंतीलगतच्या गटारीला घाला, रंग एक वर्ष उशिरा दिला तरी चालेल. शाळेतली तांदळाची पोती भिंतीला टेकवून जमिनीवर असतात, ती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. घरकुलाचा आराखडा बघताना समोरासमोर दोन खिडक्या आहेत का हे एवढे विचारा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जी घरे पाण्यात होती, त्यांत राहणाऱ्या किती जणांना पावसाळाभर खोकला असतो, हे आशाताईंकडून विचारून घ्यायला काही खर्च येत नाही.

आबा आता नदीकडच्या शेतात जातात. चढ एका दमात होत नाही, मध्ये करवंदीच्या जाळीपाशी एकदा बसतात. वैरण काढायचे काम चुलतभावाने घेतले आहे, मास्क लावून. तरी परवा पहाटे शेडमधून खसखस ऐकू आली म्हणून गेलो, तर आबा पेंढ्या उलट्यापालट्या करत होते, मास्क खिशात. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "झटकत नाही रं, नुसता हात घालून बघत होतो, ऊब आलीय का ते." मी त्यांच्या खिशातला मास्क काढून हातात दिला आणि पेंढ्या बघायला स्वतः वर चढलो.